मापाची फीत

बार्न्स्लीतल्या आमच्या दवाखान्यात, तिसऱ्या खणात,
एक पिवळी फीत असते, शिंप्याच्या गळ्यात असते तशी.
तिनं आज पुडिंगला मोजलं.
खांद्यापर्यंत वीस इंच, वर केसभर.
डोकं रुंद, जबडा चौकोनी, मान आखूड.
फॉर्मवर आई-बापाचा रकाना नाही.
कायद्याला रक्ताशी घेणं नाही,
फक्त दिसण्याशी.

मी मोजत होते आणि तो फीत चाटत होता.

कीरन ओल्ड्रॉइड, वय एकवीस, गोदामात रात्रपाळी,
बाजूला उभा, टोपी हातात,
नाव काढून घरी पाठवलेल्या पोरासारखा.
"फटाके वाजले की बाथटबमध्ये जाऊन बसतो," म्हणाला.
मग फरशीकडे बघत,
"आधी ज्याच्याकडे होता ना,
तो याला टायरला लटकवायचा. जबडा घट्ट व्हावा म्हणून."

सगळेच असं काहीतरी सांगतात.
काही जण खरंही सांगतात.

पण आमच्या गल्लीतल्या हिंचक्लिफबाईंनी
त्यांचा कुत्रा बाटलीनं दूध पाजून वाढवला होता.
आठ वर्षं. कुणी कधी हात उगारला नाही त्याच्यावर.
एका मंगळवारी, कचऱ्याचा डबा बाहेर ढकलताना,
का, ते कुणालाच कळलं नाही.
मी कमरेचा पट्टा सोडून त्यांच्या दंडाला आवळला
आणि त्या मला विचारत होत्या,
"त्याला खायला घातलं का कुणी?"
आता त्यांच्या कोटाची बटणं मी लावते,
कामावर जाता जाता.

तेव्हा सगळं मालकावर असतं, असं मला सांगू नका.
आणि जातच तशी, असंही नका म्हणू,
निदान माझ्यासमोर.

इथे म्हणतात ब्रीड.
आपल्याकडे कुत्र्याला आणि माणसाला मिळून एकच शब्द,
तो मला पहिल्यांदा शाळेच्या दाखल्यावर भेटला.
खाण तशी माती. नळीत घातलं तरी शेपूट वाकडं.
म्हणी तयारच असतात,
जन्मायचं तेवढं बाकी.

माझा आज्जा सोलापुरात तारेच्या आत जन्मला.
रांगायच्या आधी वहीत चढला. गुन्हेगार, जन्मानं.
ह्याच देशातून आलेल्या साहेबानं
त्याची उंची लिहिली, डाव्या भुवईवरचा व्रण लिहिला,
दहाही बोटं शाईत बुडवली.
सकाळ-संध्याकाळ हजेरी.
सोयरिकीला जायचं तरी पास.
आयुष्यात एकदाच चोरी केली त्यानं, गुळाची ढेप,
आणि सांगताना हसायचा,
"वहीला खोटं पाडवंना, पोरी."

आज्जा कुत्रा नव्हता.
ही तुलना त्याच्या कानावर गेली असती
तर ढेकूळ उचललं असतं त्यानं,
आधी पुडिंगसाठी, मग माझ्यासाठी.
माणसाला माहीत असतं त्याला का मोजतायत.
पुडिंगला वाटत होतं, हा खेळ आहे.

फीत जरा सैल धरली असती
तर साडेएकोणीस भरले असते.
अंगठा सरकवायचा, बस.
कीरननं ते ओळखलं. काही बोलला नाही,
टोपी नुसती फिरवत राहिला.

मला ती बटणं आठवली. चार, मोठी, तपकिरी.

मी फीत ताणून धरली
आणि वीस लिहिलं.
पेन गळत होतं. शाई अंगठ्याला लागली,
साबणानं गेली नाही.

मग कपाटातून मुसकं काढलं.
हा शब्द मी मळणीच्या बैलासाठी शिकले होते,
धान्यावरून फिरणाऱ्या तोंडात दाणा जाऊ नये म्हणून.
कीरननं विचारलं, "दुखेल का त्याला?"
"नाही," मी म्हटलं.
"घाई करायची नाही. जबरदस्ती तर नाहीच.
आतून थोडं चीज लावायचं रोज,
मग तो आपणहून तोंड घालतो."