पाकीट

वर्षातून दीडदा येतं ते.
म्हणजे कधी एकदा, कधी दोनदा,
वैरागडेच्या आळसावर अवलंबून.
या खेपेला नोव्हेंबरात आलं,
ॲबर्डीनला साडेतीनलाच दिवे लागतात तेव्हा,
आणि सगळं गाव एकाच करड्या दगडातून
कोरून काढल्यासारखं दिसतं.

आत आठ पत्रं.
नियम चौऱ्याहत्तर सालचा,
शेवटच्या प्रॅक्टिकलनंतर टपरीवर ठरलेला:
आपलं जुनं पत्र काढायचं, नवं घालायचं,
पुढच्या रोल नंबरला पाठवायचं.
दुसऱ्याचं वाचायचं, काढायचं नाही.

मी सात नंबर.
भूशास्त्राच्या त्या वर्गात एकटी मुलगी,
तरी मलाही सगळे ‘काय बे’ म्हणत.
इतक्या मानानं पुढे कुणी हाक मारली नाही.

वैरागडे गुडघ्यांविषयी लिहितो:
वरचा थर झिजला, खालचा उघडा पडला,
मधला कुठे गेला ते सर्जनलाही सापडत नाही.
फुलझेलेला आता दिसत नाही फारसं,
एका पानावर अकरा ओळी, पाटीवर काढल्यासारख्या.
अन्सारी अजून मागतोय
रामटेकच्या सहलीत भरलेले साडेसहा रुपये.
व्याज लावत नाही,
विसरतही नाही.

लेक म्हणते, आई, फोनवर ग्रुप आहे ना तुमचा?
आहे.
रोज सकाळी गुलाब येतात, जोडलेले हात येतात.
तिथे अन्सारीसुद्धा पैसे मागत नाही.

मेश्रामला जाऊन चार वर्षं झाली.
त्याचं पत्र कुणी काढायचं?
विशीतल्या पोरांनी केलेला नियम,
त्यात असली तरतूद कुठून असणार.
म्हणून ते फिरतंय अजून,
चंद्रपूर, भंडारा, जबलपूर, ॲबर्डीन,
घड्यांवर विरलेलं.
गेल्या खेपेला कुणीतरी मागून चिकटपट्टी लावलीय,
कुणी ते लिहिलेलं नाही.

शेवटच्या चार ओळी माझ्यासाठी:
‘सात नंबर, मनसरच्या खाणीतला
तो गोंडाइटचा तुकडा आहे का बे अजून?
मला सापडला होता तो.
उत्तर दे.’

तेव्हा तो होता.
मी हवामानाविषयी लिहिलं.
समुद्रावरून धुकं कसं येतं,
अख्खी गल्ली कशी गिळतं, दोन पानं.
पुढच्या फेरीत पाकीट आलं
तर त्याचं जुनंच पत्र आत,
तोच प्रश्न, तीच शाई.

तेव्हापासून दर खेपेला उत्तर देते.
नियमाप्रमाणे जुनं उत्तर काढते, नवं घालते.
आहे रे. स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलाय,
वाऱ्यानं दार आपटतं म्हणून.
गार्नेटचे दाणे अजून मधाच्या रंगाचे,
एका कोपऱ्याचा टवका उडालाय,
फरशी पुसताना माझ्याच हातून.
तुलाच सापडला होता.
मी नुसता उचलला
आणि तू बघितलंस, आणि बोलला नाहीस.

हे शेवटचं वाक्य
या खेपेला पहिल्यांदा लिहिलं.
आता ते सात जण वाचतील. वाचू देत.

पोस्टात काउंटरवर शीला,
नावानं आपली, बोलण्यानं पक्की इथली.
तिनं पाकीट काट्यावर ठेवलं.
आत काय?
कागद.
किंमत?
दर वेळी मी ‘काही नाही’ म्हणते
आणि ती फॉर्मवर गोल शून्य काढते.

आज तोंडातून निघून गेलं,
साडेसहा रुपये.

पेन तसंच धरून ती म्हणाली,
पौंडात किती होतात?
मला सांगता येईना.
मागे रांग वाढत होती.