कठड्याला लाथ

श्रूजबरीला गाडी उलटी फिरते.
चालक उतरतो, कागदी पेल्यातली कॉफी सांभाळत
फलाटावरून शेपटाकडे चालत जातो,
आणि शेपूट होतं तोंड.
पहिल्या वर्षी वाटलं होतं, मी चुकीच्या गाडीत बसलेय.
या खेपेला समोरचा मुलगा दचकून उठला
तर म्हटलं, बस. ॲबरिस्टविथला अशीच जाते.

अर्जावर कारणासाठी दीड ओळ होती.
मी लिहिलं : मूत्रपिंडं.
मग खोडून : प्रकृती.
खाली डॉ. प्रिचर्ड यांची सही, तिरकी, मायेची.
पाठोपाठ दुसऱ्या खात्याचं पत्र,
तितकंच नम्र :
साठ दिवसांत देश सोडावा.
व्हिसावर आलेल्या माणसाने आजारी पडायचं
ते आपल्या घरी जाऊन,
हे पहिल्या आठवड्याच्या स्वागतात
कुणी बोललं नव्हतं.

निघताना केरिसला म्हणाले, "येते."
म्हणजे काय?
म्हणजे, मी येतेय.
"पण तू तर चाललीयेस."
खाली टॅक्सी थांबलेली. चढावर पाऊस आडवा.
व्याकरण समजवायला वेळ नव्हता.

मिरजेत वर्ष गेलं. आठ दिवस कमी.
आईने बिनमिठाचं लोणचं तीनदा घालून पाहिलं,
तीनदा बुरशी आली.
गोळ्यांनी तोंड भाकरीसारखं फुगलं
तर समोरच्या हावळकाकू म्हणाल्या,
तब्येत सुधारली हो पोरीची!
जुलैत वर्गातल्यांचे फोटो आले :
काळे झगे, पाठीमागे समुद्र, वारा.
मी एकेकावर अंगठा उमटवला
निरक्षरासारखा.

ग्रंथालयाच्या दारात कार्ड लाल दिवा दाखवतं.
खिडकीतला माणूस फोटो बघतो, मला बघतो.
फोटोतल्या मुलीला हनुवटी आहे.
हीच का, असं तो विचारत नाही.
दोन कळा दाबतो. हिरवा.
विद्यार्थी क्रमांक तोच.
तेवढा एकच अवयव
काही न होता राहिलेला.

वर्गात सगळे नवे. त्यांचे गट ठरलेले,
कशावर हसायचं तेही ठरलेलं.
माझ्या वहीत गेल्या फेब्रुवारीचं अर्धं वाक्य :
हिमनदी मागे हटत असते तेव्हासुद्धा
प्रिचर्ड पुन्हा तिथेच आले, त्याच चित्रावर.
मी पुढे लिहिलं :
आतला बर्फ पुढेच सरकत असतो.
शाई जुळत नाही.
शेजारच्या मुलीने विचारलं, तू कुठल्या वर्षाची?
मी म्हटलं, तिसऱ्या.
मग वाटलं, अजून काहीतरी सांगायला हवं होतं.
मग वाटलं, नको.

हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी स्टेशनवर
केरिस हात हलवत ओरडली, "येटे! येटे!"
तिला वाटतं ते भेटल्यावर म्हणायचं असतं.
मी दुरुस्त केलं नाही.
ती आता पावाच्या दुकानात काम करते, पहाटे चारला उठते.
माझा हळदीचा डबा तिने जपून ठेवलाय,
थोडी वापरली, म्हणाली, दात दुखत होता तेव्हा.

इथे एक रीत आहे.
किनाऱ्याच्या रस्त्याने टेकडीच्या पायथ्यापर्यंत जायचं,
शेवटच्या लोखंडी कठड्याला लाथ मारायची
आणि मागे फिरायचं.
का, ते कुणालाच माहीत नाही.
पूर्वी आम्ही बोलता बोलता, न थांबता मारायचो.
आज मी वाटेत दोन बाकांवर बसले.
धक्क्याखाली साळुंक्यांसारखे ते काळे पक्षी
हजारोंनी उतरत होते, एकमेकांना ढकलत,
जागेवरून भांडत,
आणि केरिस मुद्दाम
तिसऱ्या बाकाशी बुटाची नाडी बांधत राहिली.

मग कठडा.
बूट नवा होता, नेम चुकला,
अंगठा सणसणला पार गुडघ्यापर्यंत.
"लागली?"
लागली, मी म्हटलं. पुन्हा मारू?
गोळीची वेळ झाली होती.
पाण्याची बाटली तिच्या पिशवीत, पावांच्या खाली,
ती शोधत राहिली,
मी एका पायावर उभी.