ऐरोली, सेक्टर आठ

भाऊजी म्हणाले, तो देव नव्हेच.
देवाला होडीत झोप कशी लागेल?
देवाला तहान?
ह्यांनी चष्मा पुसला, ग्रीक व्याकरण काढलं,
वीजबिलाच्या पाठीवर बाण मारत बसले.
चहावर साय धरली.

मी भांडी लावत होते.
रूबेनचा पेला अजून त्याच फळीवर,
नाव कोरलेला, तळाशी पोचा.

एक विचारू का, म्हटलं, भाऊजी,
मित्राच्या कबरीपाशी तो रडला ना,
ते कोण रडलं?

दोघेही गप्प.
खाडीकडचा खारा वारा, पडदा फुगून पुन्हा पडला.

माणूस रडला असेल तर
माणसं पुष्कळ आली होती आमच्याकडे,
रडून, जेवून गेली.
मी वरच्याबद्दल विचारतेय.