बाद

जेल रोडच्या या दुसऱ्या मजल्यावर
प्रेसचा भोंगा अजून ऐकू येतो.
मी पलंगावरच असते,
पाय मात्र सवयीनं चपला शोधतात.

एकवीस वर्षं नोटा तपासल्या.
अख्खं शीट, त्यावर रांगेनं नोटा;
शाई फुटलेली, आकडा सरकलेला,
डोळ्यांआधी बोटांना कळायचं.
रझिया म्हणायची, तुझ्या बोटांत मांजर बसलंय.

मग दोन हजार सहाच्या मार्गशीर्षात ताप आला.
चार दिवसांचा. गेला.
जाताना मला घेऊन गेला.

थकवा म्हणू नका त्याला.
शीण झोपेनं जातो, दमणूक चहानं,
मरगळ पाहुणे आले की उठून बसते.
हे म्हणजे केस धुतले
तर दोन दिवस अंधारात पडणं.
बादली उचलल्याची किंमत तिसऱ्या दिवशी कळते,
व्याजासकट.
रक्त नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल.
डॉक्टर गायधनी चष्मा पुसत म्हणाले,
घरी काही ताणतणाव?
सासूबाई शेजारीच होत्या.
माझ्याऐवजी त्यांनीच मान हलवली.

तीन वर्षांनी भाचा आला, उन्मेष,
कॅनडा कॉर्नरच्या लॅबमध्ये
रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवणारा.
मावशी, सापडलाय.
अमेरिकेत, तुझ्यासारख्यांच्या रक्तात,
शंभरातल्या सदुसष्ट जणांत:
रेट्रोव्हायरस. उंदरांच्या विषाणूचा नातलग.

रेट्रो म्हणजे?
म्हणजे उलटा लिहितो गं.
पेशी डीएनएवरून आरएनए उतरवून घेते,
हा आरएनएवरून डीएनए लिहितो
आणि ते पान पेशीच्याच वहीत शिवून टाकतो.
मग पेशी ते आपलंच समजून वाचत राहते.

मला लगेच कळलं.
आमचा कोरीव ठसाही उलटाच असतो,
आकडे आरशातले;
दाब पडला, की कागदावर सुलट.

त्या रात्री मी दुधात दोन चमचे साखर घातली.
आजार मिळाल्याचा आनंद
सांगणार कुणाला?
सासूबाईंना सांगितलं, विषाणू आहे.
त्या पहिल्यांदा पलंगाच्या कडेला टेकल्या.
मग आधी का नाही बोललीस?

पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेनं शोधला. सापडेना.
तिसरीनं. सापडेना.
आणि जिथे सापडायचा
तिथे तो आजाऱ्यांचा नव्हताच:
रसायनात उंदराचा अंश,
कुठल्याशा काचेत वाढवलेल्या पेशींबरोबर आलेला,
उंदरांच्याच दोन विषाणूंचे तुकडे जुळून
प्रयोगातच जन्मलेला.
निबंध मागे घेतला गेला.
नावं झाकलेल्या नळ्या पुन्हा तपासल्या,
तेव्हा ज्यांना सापडला होता तेही म्हणाले, नाही.

उन्मेष फोनवर बराच वेळ गप्प.
मावशी, सॉरी.
जणू त्यानंच छापला होता.

राग आला का?
रागाला अंगात जोर लागतो.

शिवाय मी तपासनीस बाई.
बाद म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.
बाद शीटवर लाल रेघ मारायची,
फेकायचं नाही. मोजायचं.
एकदा एक बाद शीट हिशेबात लागेना,
रात्रीचे दहा वाजले, दरवाजा उघडला नाही,
रझियाचं पोर घरी तापलेलं.
सापडलं टेबलाच्या फटीत.
आणि बाद नोटेच्या जागी दुसरी भरायची,
आकड्याच्या अलीकडे छोटासा तारा असलेली.

ज्यांनी खोटं निघालेलं खोटं म्हटलं
त्यांची बोटं मला ओळखीची वाटतात.
फक्त जागा भरायची राहिली आहे.

सासूबाई पुन्हा दारातूनच बोलू लागल्या.
म्हणजे नव्हताच ना काही?
तो नव्हता, मी म्हटलं.
काही नव्हतं असं कोण म्हणालं?

आज केस धुतले.
कॅलेंडरवर बुधवार, गुरुवार कोरे ठेवलेत,
कोपऱ्यात पेन्सिलीनं
एकेक तारा काढून.