शून्य लोकसंख्येचा तुकडा

दहा वर्षांनी एकदा हे शहर
आपलीच शिवण उसवतं.
शिरगणतीचे आकडे येतात
आणि पाचव्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून
आम्ही तिघं बसतो पुन्हा टाके घालायला.
बारा प्रभाग. प्रत्येकात माणसं जवळजवळ सारखी,
थोडी ढिलाई कायद्यानं दिलेली,
अंगात घालून हात हलवता येईल इतपत.

दक्षिणेला गहू उभा होता तिथे आता घरं उभी आहेत,
एका साच्यातली, गॅरेजचं तोंड पुढे काढून;
तिथली रेघ अंग आखडते.
उत्तरेला, रेल्वेच्या यार्डापलीकडे,
मुलं मोठी झाली, कॅलगरीला गेली,
तिथली रेघ हातपाय पसरते माणसं शोधत,
दोन गल्ल्या इथून,
एक इमारत तिथून.

मी माउसनं एक चौकोन उचलते.
कोपऱ्यातला आकडा बदलतो:
अधिक एकशे बारा.
एकशे बारांत टेओडोरो मागलाकासची बेकरी येते,
वरच्या खोलीतली त्याची सून,
तिचं शिरगणतीनंतर जन्मलेलं बाळ
(ते धरलेलं नाही).

काही चौकोन मात्र उचलले तरी आकडा हलत नाही.
यार्ड. पाण्याची टाकी.
ओढ्याकाठची युक्रेनी दफनभूमी.
लोकसंख्या: शून्य.
असे तुकडे आम्हांला आवडतात.
कडा सरळ करायला बरे पडतात.
दफनभूमी मी चारमधून सातमध्ये टाकली
एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी.
रेघ ओढ्याबरोबर छान वळली.

सुनावणी कर्लिंग क्लबच्या तळघरात.
बाहेर उणे एकतीस.
आलेली माणसं अकरा, त्यातली चार कॉफीसाठी.
गॉर्डन फ्लेट उठला, म्हणाला,
तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता,
माझं अंगण चारमध्ये
आणि ते अंगण झाडणारा मी सातमध्ये?
नकाशा मोठा करून पाहिला.
खरंच होतं. नोंद केली.

मग ओरिसिया डॅनिलचुक.
वय चौऱ्याऐंशी, बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं थारोळं.
'माझा नवरा सातमध्ये कसा गेला?'

आमच्यातल्या एकानं वृद्धाश्रमांची यादी चाळली.
'तिथे नाही हो,' ती म्हणाली,
'एकोणिसावी ओळ, स्प्रूसच्या खाली. सोळा वर्षं झाली.'

कुणीतरी खोकलं.

'फाटकावरचं बर्फ काढलं नाही
की मी चारच्या बाईंना फोन करते.
नाव सांगावं लागत नाही, आवाज ओळखतात.
सातचा माणूस कोण, मला ठाऊक नाही.
त्याला माझं मत मिळणार नाही,
मग माझा फोन तो का घेईल?'

अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश,
चष्मा काढून पुसत राहिले.
या प्रश्नासाठी अर्जात रकाना नव्हता.

रात्री मी दफनभूमी चारमध्ये परत आणली.
रेघेला ओढ्यापाशी टेंगूळ आलं,
शिकाऊ हातानं काढल्यासारखं.
आकडा हलला नाही.
अहवालात टेंगळाचं कारण लिहावं लागतं.
दोनदा खोडून मी लिहिलं:
'रहिवाशांची हिवाळ्यातील ये-जा.'
कुणी विचारलं नाही, कोणते रहिवासी.

फ्लेटच्या अंगणाचं मात्र जमलं नाही.
ते हलवलं की पलीकडची चाळीस माणसं लटकतात.
त्याचं पत्र अजून माझ्या खणात आहे.

काळ्या दगडावरची रेघ नव्हे ही.
दहा हिवाळ्यांनी या खुर्चीत दुसरं कुणी बसेल,
नकाशा उघडेल,
ओढ्यापाशी आलेलं टेंगूळ बघून कपाळाला आठी घालेल,
तुकडा उचलून पाहील.
आकडा तोच राहील.
तोवर ओरिसियाही कदाचित
एकोणिसाव्या ओळीत असेल,
आणि फाटकावरच्या बर्फासाठी
फोन करणारं कुणी

हे मी अहवालात लिहिलेलं नाही.