जमीन सोड

सातपूरच्या कामगार हॉलमध्ये स्टेज या टोकाला,
मिक्सर त्या टोकाला, चहाच्या पिंपाशेजारी.
मधे सत्तर फूट वायर आणि प्लास्टिकच्या खुर्च्या.
निफाडला पारा सहावर, माझी बोटं लाकडाची.
गिटार थेट मिक्सरला लावली
तर आवाज आला गोधडीखालून आल्यासारखा,
आणि त्याच्या मागोमाग एक घूंऽऽऽ,
कुणी न बोलावता.

गायधनी माइकवरून म्हणाला, व्हॉल्यूम वाढव.
वाढवला. घूंही वाढला.

निवृत्तीकाका पायरीवर बसून वायर गुंडाळत होते.
नाव निवृत्ती; कंपनीनं निवृत्त करून सहा वर्षं झाली,
हे त्यांना अजून कुणी पटवून दिलेलं नाही.
उठले. पिशवीतून पत्र्याची एक पेटी काढली,
कडेला कानशीचे ओरखडे, वर मार्करनं लिहिलेलं: डीआय.
"विकतची समजू नकोस."

तीस वर्षं वाइंडिंग खात्यात.
त्र्यंबक रोडनं सायकल, पहिली पाळी,
गरगरणारा बॉबिन, बोटांतून सरकणारं तांबं.
मोठाले ट्रान्सफॉर्मर इथून ट्रकवर चढले,
कुठल्या कुठल्या गावांना दिवे द्यायला गेले.
हा त्यांच्यातलाच, सुपारीएवढा,
रिटायर झाल्यावर खिडकीत बसून गुंडाळलेला.

"तुझ्या गिटारीतही तांबंच आहे, पोरी.
तारांखाली, केसाहून बारीक, हजारो वेढे.
पण ते पुटपुटतं. सत्तर फुटांवर कोण ऐकणार?
आधी याच्या कानात सांगू दे."

गिटारीची वायर पेटीत.
पेटीच्या दुसऱ्या भोकातून स्टेजवरच्या ॲम्पला.
मागून जाड वायर, तीन पिनांची, थेट मिक्सरपर्यंत,
खुर्च्यांच्या पायांमधून, चटईखालून.

"आत दोन वेटोळी. एकमेकांना शिवत नाहीत,
मधे कागद. तरी याचं त्याला कळतं.
पुढे दोन तारा निघतात. एक सरळ सांगते, दुसरी तेच उलटं.
वाटेतला कचरा दोघींवर सारखाच पडतो.
तिकडे पोचल्यावर उलटीला सुलटं केलं
की कचऱ्याची वजाबाकी होते, गाणं तेवढं उरतं.
मी आणि तुझी काकू, चाळीस वर्षं. दुसरं काय?"

आणि तिसरी पिन?

"ती शेजारीण. सगळं अंगावर घेते."

फेडर वर केला. गिटार आली,
जवळची, आत्ताच तोंड धुतल्यासारखी.
पण घूं होताच, बारीक, भिंतीत कुठेतरी.
काका डोळे मिटून उभे राहिले.
"पन्नास सायकल," म्हणाले,
ओळखीच्या माणसाचं नाव घ्यावं तसं.
"तीस वर्षं माझ्या शेजारी बसून डबा खाल्लाय यानं.
ॲम्प एका लाइनवर, मिक्सर दुसऱ्या.
दोघांच्या अर्थिंगचं भांडण, आणि ओरडतोय हा."
पेटीच्या कडेचं इवलं बटण नखानं सरकवलं.
"जमीन सोड, बाबा."

हॉल एकदम मोठा झाला.
पंखा ऐकू आला. कपात चहा पडल्याचा आवाज.
बाहेर वेल्डिंगवाला कुणालातरी शिव्या देत होता,
त्याही स्वच्छ.

मी जाड तारेपासून एकेक वाजवून दाखवली.
काका मान हलवत होते, प्रत्येक तारेला एकदा.
मग सर्वांत बारीक तार, शेवटच्या पडद्यावर, हलकेच.
मान हलली नाही.
"वाजव ना."
मी पुन्हा वाजवली. गायधनीनं माझ्याकडे पाहिलं.
मी काही बोलले नाही.
काकांनी लांब मिक्सरकडे नजर टाकली,
तिथं एक हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला.

"हां," म्हणाले. "आली."

आणि पुन्हा पायरीवर बसून उरलेली वायर गुंडाळू लागले,
एक वेढा सरळ,
एक उलटा.