अकरा दिवस वजा

पेपरवाल्या पोराने फोनवर विचारलं,
दस्तगीरचाचा, येलदी वकिलांची वकिली किती वर्षांची?
मी म्हणालो, सेहेचाळीस.
त्यातनं अकरा दिवस वजा.
पोरगा हसला. सेहेचाळीसच छापलं त्याने, फोटोखाली.

राजेशम येलदी. बाप साच्यावर, दाजी पेठेत,
आई बिड्या वळायची.
घरात तेलुगू, बोळात कानडी, माझ्याशी दखनी
आणि कोर्टात असलं मराठी
की बदलून आलेले जज्ज चष्मा काढून ऐकायचे.

पहिली मोठी केस छाट बिड्यांची.
हजारातल्या दोनशे बिड्या कारखानदार
वाईट म्हणून बाजूला टाकायचा,
दाम आठशेचे द्यायचा, विकायचा हजार.
साहेबांनी त्या दोनशे ओतल्या कोर्टाच्या टेबलावर:
'यातली वाईट कुठली, ओढून दाखवावी.'
पंख्याखाली जर्दा उडाला,
शिरस्तेदाराला शिंका आवरेनात.
निकाल बायांचा लागला. फी म्हणून आली
शेंगाचटणीची बरणी,
त्या वर्षीच्या आमच्या सगळ्या फायली तेलकट.

मग निवडणुका. चारदा पडले, तीनदा आले.
पडल्याच्या सकाळीसुद्धा साडेदहाला
ओला पंचा डोक्यावर, सायकल कोर्टाच्या लिंबाखाली:
'दस्तगीर, आजच्या तारखा वाच.'
आल्यावर मात्र, तिसऱ्या खेपेला, मंत्री झाले.
दिव्याची गाडी बोळात वळेना,
म्हणून आम्ही बोळाच्या तोंडावर घर घेतलं.

त्याच उन्हाळ्यात सेटलमेंटमागच्या पालावरनं
एका पोराला रात्री चौकीत नेलं.
सकाळी पंचनामा: पाय घसरून.
पोराचं नाव फौजदार. फौजदार काळे.
बापाने हौसेने ठेवलेलं,
या नावाला तरी कुणी हात लावणार नाही म्हणून.

त्याची आई झुंबरबाई आमच्या पायरीवर येऊन बसली.
मी सांगायचो, साहेब बैठकीत आहेत.
साहेब आत असायचे. पडद्यामागे. कोच बदललेला होता,
त्यावर बसून नुसते पायाचा अंगठा बघायचे.
सरकार आपलं, खातं आपल्याच माणसाचं,
वरनं निरोप: जरा दमानं.
त्या अकरा दिवसांत नळाला दोनदा पाणी आलं,
दोन्ही वेळा झुंबरबाईने
आमच्या घरचे हंडे आत उचलू लागले.

बाराव्या दिवशी साहेब स्वतःच बाहेर आले.
ती न्यायबिय काही म्हणाली नाही.
म्हणाली, 'पोराचा सदरा तेवढा सोडवून द्या.
नवा होता.'
'कुठाय सदरा?'
'त्यांच्याकडं. पुरावा म्हणत्यात.'

राजीनामा मी टाइप केला, दोन ओळी.
अर्जाला रात्र गेली, सत्तावीस पानं.
पुकारा झाला, फौजदार काळे मयत, विरुद्ध सरकार,
तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं,
आणि साहेबांनी वळून त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं
की जज्जही थांबले.

एकोणीस वर्षं चालली ती केस.
दोघांना सजा, एक मधेच मेला, एक बढती घेऊन गेला.
सदरा मिळाला. बटणाला अजून लाखेची चिठ्ठी.
झुंबरबाईने तो घडी मोडून उन्हाकडे धरला
आणि म्हणाली, लहान आहे की हो.
तिच्या डोक्यातलं पोरगं एवढ्यात वाढलं होतं.

परवा शोकसभा. हॉल भरलेला, कूलर घरघरत,
माणुसकीचा वकील, माणुसकीचा वकील.
माझ्या पिशवीत त्या सालची डायरी.
अकरा पानं कोरी, बाराव्यावर त्यांचं किरटं अक्षर:
'दस्तगीर, माझ्या वर्षांतून एवढे कमी धर.
लोक धरणार नाहीत.'

धरले, साहेब.
पण पायरीवर उभं राहून
बैठकीत आहेत म्हणणारा मी होतो.
माझे किती धरायचे,
तेवढं लिहायचं राहिलं तुमचं.